नवरा बंगळुरूला गेला म्हणून लेकीची पोटगी थांबते का?

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"नमस्कार ताई. मी भांडुपला राहते, वय 36, एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये रिसेप्शनला आहे. 2021 मध्ये बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात म्युच्युअल कन्सेंटने डिव्होर्स झाला. मुलगी माझ्याकडे आहे, आता चौथीत आहे. तिच्यासाठी दर महिन्याला 15,000 आणि शाळेची अर्धी फी असं लिहून ठरलं होतं. सुरुवातीला नीट दिले. मग त्याला बंगळुरूला नोकरी लागली, तिकडे गेल्यापासून कधी 5,000 टाकतो कधी काहीच नाही, फी तर नाहीच. फोन केला की म्हणतो मी आता कर्नाटकात आहे, महाराष्ट्राची ऑर्डर इथे चालत नाही, पाहिजे तर इथे येऊन केस कर. वर म्हणतो मुलगी मला भेटायला मिळत नाही तर पैसे कसले. मी वर्षभर गप्प बसले कारण वकिलाची फी परवडत नाही. मुलुंडला त्याच्या आणि त्याच्या भावाच्या नावावर एक फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलाय. माझी आई म्हणते इंदूरला मामाकडे चल, तिकडे खर्च कमी. मी इंदूरला गेले तर उलट माझाच हक्क जाईल का? मैत्रिणीने इंटरनेटवरचं एक पान पाठवलं त्यात लिहिलंय की राज्य बदललं की ऑर्डर नव्या राज्यात रजिस्टर करावी लागते. खरं काय?"

ताई, आधी सरळ उत्तर देते म्हणजे आज रात्री तरी झोप लागेल. मुंबईच्या कोर्टाची ऑर्डर बंगळुरूत चालते. पूर्ण चालते. तो कर्नाटकात जाऊ दे, आसामला जाऊ दे, लेकीचा बाप म्हणून त्याच्यावर जी जबाबदारी कोर्टाने टाकलीय ती त्याच्याबरोबर जाते. नोकरी बदलली, भाड्याचं घर बदललं, आधारवरचा पत्ता बदलला, कशानेही ती ऑर्डर आपोआप संपत नाही आणि कमीही होत नाही. त्याला खरंच परवडत नसेल तर त्याने कोर्टात अर्ज करून रक्कम कमी करून घ्यायची, तोपर्यंत 15,000 म्हणजे 15,000. स्वतःच ठरवून 5,000 टाकणं हा पर्याय त्याला कुणी दिलेलाच नाही.

मैत्रिणीने पाठवलेलं पान बहुतेक अमेरिकेचं असणार. तिकडे प्रत्येक राज्याचा फॅमिली लॉ वेगळा, त्यामुळे एका राज्यातली ऑर्डर दुसऱ्या राज्यात कशी वसूल करायची यासाठी त्यांना वेगळा आंतरराज्य कायदा करावा लागला आणि तो सगळ्या राज्यांनी घेतला, त्यात ऑर्डर रजिस्टर करणं, दुसऱ्या राज्यातल्या कंपनीला थेट पगारातून कापायला सांगणं वगैरे सगळं आहे. ते तिकडे बरोबर आहे, पण आपल्याकडे पोटगीचा आणि वसुलीचा कायदा मुंबईत जो तोच बंगळुरूत. त्यामुळे तिथे जाऊन पहिल्यापासून केस करायची, ऑर्डर तिथे "रजिस्टर" करायची असलं काही नाही. फक्त वसुलीचं काम कधीकधी तिथल्या कोर्टाकडे पाठवावं लागतं आणि पाठवणारं कोर्ट आपलंच असतं.

आता खरा मुद्दा. मला पत्रं येतात त्यात बहुतेक जणी "माझ्याकडे ऑर्डर आहे" एवढंच सांगतात, कुठल्या कलमाखालची ते कुणालाच माहीत नसतं आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून असतं. म्हणून एक काम करा, कपाटातली ती फाईल काढा आणि पहिल्या पानावर पिटिशनचा नंबर बघा. महाराष्ट्रातल्या फॅमिली कोर्टात नंबराच्या आधी एक अक्षर असतं. तुमचा म्युच्युअल कन्सेंटचा आहे म्हणजे एफ असणार. जिच्याकडे फौजदारी कायद्याच्या पोटगीच्या कलमाखाली म्हणजे जुन्या 125 खाली ऑर्डर आहे तिच्या कागदावर ई असतं. हे 125 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालंय, पण जुन्या 125 खाली मिळालेल्या ऑर्डरी रद्द झालेल्या नाहीत, त्या तशाच चालू आहेत, कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

फरक काय पडतो ते सांगते. ई वाल्या ऑर्डरीत पैसे थकले की वॉरंट निघतं आणि तरीही नाही भरले तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. हत्यार धारदार आहे पण त्याला एक घड्याळ लावलंय, पैसे देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या महिन्याच्या थकबाकीचं वॉरंट मिळत नाही. (कितीतरी बायका "देईल देईल" म्हणत दीड-दोन वर्षं थांबतात आणि आधीच्या महिन्यांवर पाणी सोडावं लागतं, हे बघून फार वाईट वाटतं.) आणि ही ऑर्डर माणूस जिथे असेल तिथल्या कोर्टाकडून वसूल करता येते, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय, त्या कोर्टाला फक्त माणूस तोच आहे आणि पैसे दिलेले नाहीत एवढी खात्री पटली पाहिजे. ऑर्डरची प्रतसुद्धा फुकट मिळते.

तुमची एफ वाली म्हणजे दिवाणी डिक्री, म्हणजे दिवाणी कायद्याखालचा कोर्टाचा अंतिम हुकूम. तिची वसुली दरखास्त (हुकमाची अंमलबजावणी करा असा अर्ज) टाकून होते आणि तिला बारा वर्षांची मुदत आहे, हप्ता जसा चुकेल तशी त्या हप्त्याची मुदत सुरू होते. म्हणजे तुमचं गेलेलं वर्ष वाया गेलेलं नाही, एकही महिना गेलेला नाही. पण बारा वर्षं आहेत म्हणून अजून थांबू नका प्लीज, कारण थकबाकी जितकी मोठी होते तितकं तो एकदम देणं टाळणार, नोकरी पुन्हा बदलणार, आणि फी मात्र दर टर्मला तुम्हालाच भरायची आहे.

फाईलमध्ये अजून एक गोष्ट बघायची, ही फार महत्त्वाची आहे. शेवटच्या पानावर, जज्जच्या सहीच्या वर, कन्सेंट टर्म्स (तुम्ही दोघांनी सही करून लिहून दिलेल्या अटी) डिक्रीचा भाग आहेत अशा अर्थाचं वाक्य आहे का. बहुतेक असतंच. ते असेल तर तुमच्या कन्सेंट टर्म्समधली 15,000 ची ओळ आणि अर्ध्या फीची ओळ या दोन्ही कोर्टाच्या हुकमाइतक्याच पक्क्या. ते वाक्य नसेल किंवा गोलमोल असेल तर दरखास्त टाकायच्या आधी वकिलाला दाखवा. आणि हातात फक्त झेरॉक्स असेल तर बीकेसीला, म्हणजे बांद्र्याच्या त्याच फॅमिली कोर्टात जाऊन सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज टाका, ती मिळायला वेळ लागतो म्हणून हे काम सगळ्यात आधी.

मग थकबाकीचा तक्ता. वहीत किंवा एक्सेलमध्ये, कसाही चालेल. महिना, किती द्यायचे होते, किती आले, किती राहिले. बँकेचं स्टेटमेंट काढून एकेक एंट्री टिक करा, जीपेवरून आले असतील तर तेही, आणि त्याने जे दिलेत ते प्रामाणिकपणे वजा करा, शंभर रुपयेसुद्धा लपवू नका कारण समोरचा वकील नेमकं तेच दाखवून तुम्हाला खोटं पाडणार. फीच्या पावत्या वेगळ्या लावा. व्हॉट्सॲपवर त्याने "इथे ऑर्डर चालत नाही" असं लिहिलं असेल तर ते सोन्यासारखं आहे, डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. असे मेसेज कोर्टात देताना त्याबरोबर एक सर्टिफिकेट जोडावं लागतं, नवीन साक्ष कायद्यात ते कलम 63 आहे, वकील करून देतात.

आता वसुली कुठे. फॅमिली कोर्टाची डिक्री त्याच कोर्टात वसूल करता येते किंवा ते कोर्ट ती दुसऱ्या फॅमिली कोर्टाकडे नाहीतर दिवाणी कोर्टाकडे पाठवू शकतं. नियम असा की कोर्टाला आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर थेट हात टाकता येत नाही, म्हणून त्याच्या बंगळुरूच्या पगारावर जायचं असेल तर बांद्र्याला अर्ज करून डिक्री तिथे ट्रान्सफर करून घ्यायची. पण त्याआधी एक चौकशी करा. त्याची कंपनी प्रायव्हेट आहे असं धरून सांगते, पगार काढणारं ऑफिस कुठे आहे? बऱ्याच कंपन्यांचं पेरोल मुंबईतूनच होतं, माणूस बंगळुरूत बसलेला असला तरी. पगार देणारा अधिकारी मुंबईत असेल तर इथलंच कोर्ट त्याला पगारातून कापायचा हुकूम देऊ शकतं. सरकारी नोकरी असती तर हद्दीचा हा प्रश्न आलाच नसता. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा बराच भाग सुरक्षित असतो पण पोटगीच्या डिक्रीत फक्त एक तृतीयांश पगाराला हात लावता येत नाही, बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. कायदा बनवणाऱ्यांनी पोराच्या तोंडचा घास आणि बँकेचा हप्ता यात फरक केलाय आणि तो बरोबरच केलाय.

पण मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ मुलुंडच्या फ्लॅटची आहे आणि तुम्ही ती अशी जाता जाता लिहिलीत! माणूस बंगळुरूला गेला पण मालमत्ता इथेच आहे की. मुलुंड मुंबईच्या कोर्टाच्या हद्दीत. भावाचा वाटा भावाचा, त्याला कुणी हात लावणार नाही, पण तुमच्या एक्सचा जो वाटा आहे त्यावर थकबाकीपोटी जप्तीचा अर्ज इथेच बांद्र्यात टाकता येतो, भाड्यातला त्याचा हिस्सा तुमच्याकडे वळवावा असाही अर्ज वकील करू शकतात. त्यासाठी फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढून ठेवा, मुद्रांक नोंदणी विभागाच्या साईटवर शोधता येतो, त्यात दोघांची नावं दिसतील. माझा अनुभव असा की फ्लॅटवर जप्तीची नोटीस गेली की घरातले बाकीचे लोक जागे होतात, भाऊ स्वतःच फोन करून सांगतो की बाबा रे पैसे भर. बंगळुरूला एकही तिकीट न काढता काम होऊ शकतं.

बाकी काय काय आहे ते त्याला माहीत, तुम्हाला नाही, तर त्यावरही उपाय आहे, दरखास्तीत त्याला स्वतःच्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावता येतं. आणि सुप्रीम कोर्टाने 4 नोव्हेंबर 2020 ला रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये (ही आपल्या नागपूरहून गेलेली केस) सांगून ठेवलंय की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळ्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगीच्या ऑर्डरी पैशाच्या डिक्रीसारख्या वसूल करता येतात. म्हणजे जप्ती आहे आणि ऐपत असून मुद्दाम देत नाही असं दिसलं तर दिवाणी कैद पण आहे, तीन महिन्यांपर्यंत. कैद भोगली म्हणून पैसे माफ होत नाहीत. मी मात्र पहिल्या अर्जात कैद मागू नका असंच सांगेन, आत बसलेला माणूस पगार आणणार नाही आणि उद्या लेकीला कुणीतरी सांगणार की तुझ्या आईने बाबाला आत टाकलं.

लेकीचा विषय निघालाच आहे तर. भेट आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कोर्टात तर आहेतच, घरात पण वेगळ्याच ठेवा. "भेटू देत नाही म्हणून पैसे देत नाही" हे कोर्टात टिकत नाही, भेट मिळत नसेल तर त्याने भेटीसाठी अर्ज करायचा. पण तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये की भेट का होत नाही, म्हणून विचारते, तुम्ही रागाने व्हिडिओ कॉल बंद केलाय का? केला असेल तर तो आजच चालू करा. पैसे देत नाही म्हणून फोन द्यायचा नाही हेही तितकंच चूक आहे आणि त्याच्या वकिलाला तुम्ही फुकटात मुद्दा देताय. वेळ ठरवा, समजा बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सात, त्याला मेसेजवर लिहून कळवा, आणि पोरगी बोलत असताना तुम्ही तिथून उठून जा. त्याने कॉल केलाच नाही तर तेही मेसेजच्या रूपाने तुमच्याकडे राहील. चौथीतल्या पोरीला फीचं, दरखास्तीचं काही सांगू नका आणि तिच्यासमोर फोनवर भांडूही नका, त्या वयात पोरं सगळं ऐकतात आणि आपल्यामुळे हे होतंय असं धरून बसतात.

रक्कम वाढवता येईल का हे तुम्ही विचारलं नाहीत, संकोच वाटला असेल, पण सांगते. येईल. 2021 मध्ये पोरगी बालवाडीत होती, आता चौथीत आहे, फी, ट्यूशन, रिक्षा सगळं वाढलंय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांच्या पोटगीची ऑर्डर डिव्होर्सनंतरही बदलता येते, त्याच कोर्टात अर्ज करून. "म्युच्युअलमध्ये सही केलीस, आता काही मागू शकत नाहीस" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, स्वतःचा हक्क आईने सोडला असेल पण लेकीचा हक्क सोडायचा अधिकार आईलाही नाही. फक्त लक्षात ठेवा, वाढीच्या अर्जात तुमचाही पगार बघितला जाईल आणि तो खरा सांगायचा. माझा सल्ला, आधी थकबाकीची दरखास्त टाका, ती मार्गी लागली की वाढीचा अर्ज. दोन्ही एकदम टाकले तर तारखा वाढतात आणि नोकरीतून रजा काढून काढून तुम्हीच थकाल.

वकिलाची फी. बायकांना आणि मुलांना सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या कायद्यात हे लिहिलेलं आहे. नोकरी करणाऱ्या बाईलाही मिळतो. 15100 हा देशभरचा हेल्पलाईन नंबर, त्यावर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन साधा अर्ज द्या, आधार, डिक्रीची कॉपी आणि तो तक्ता घेऊन. फुकटचा वकील म्हणजे लक्ष देणार नाही असं मनात धरून जाऊ नका. तक्ता नीट केलेला असेल, कागद क्रमाने लावलेले असतील तर कुठल्याही वकिलाचं अर्धं काम झालेलं असतं. आणि एकदा वकीलपत्र झालं की केसचा सोळा अंकी सीएनआर नंबर मागून घ्या, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख स्वतः बघता येते, प्रत्येक वेळी कुणाला विचारत बसायला नको.

हे सगळं महिन्याभरात होईल असं मी सांगणार नाही. नोटीस बजावायला वेळ जातो, पत्ता चुकीचा निघतो, म्हणून त्याच्या घराचा आणि ऑफिसचा असे दोन्ही पत्ते पहिल्याच अर्जात द्या.

आता इंदूर. तुमचा हक्क जाणार नाही. तुम्ही मध्य प्रदेशात गेलात तरी डिक्री बांद्र्याचीच आहे आणि ती तशीच वसूल होईल, तो जसा राज्य बदलून सुटत नाही तशा तुम्हीही राज्य बदलून काही गमावत नाही. पण जायच्या आधी कन्सेंट टर्म्समध्ये मुलीला मुंबईबाहेर न्यायचं असेल तर कोर्टाची किंवा बापाची परवानगी घ्यायची असं काही लिहिलंय का ते शब्द न् शब्द वाचा. लिहिलं असेल तर परवानगी घेतल्याशिवाय हलू नका, अगदी पंधरा दिवसांसाठी सुद्धा शाळा बदलू नका. लिहिलं नसेल तरी त्याला मेसेज आणि ईमेल दोन्हीवर आधी कळवा, नवा पत्ता, नवी शाळा, आणि सुट्टीत भेट कशी होईल ते, म्हणजे उद्या "पोरगी पळवली" असं म्हणायला जागा राहणार नाही. आणि प्रॅक्टिकल बोलायचं तर दरखास्त मुंबईत असताना टाकून, वकीलपत्र देऊन, प्रतिज्ञापत्रावर सह्या करून मगच निघा. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये संपतंय, तोवर ही तीन कामं होतात. मुलुंडच्या फ्लॅटचा इंडेक्स टू मिळाला की मला परत लिहा, त्यावर नावं कशी आहेत ते बघून पुढचं सांगते.